पेटीवरील नांव

एप्रिल उजाडला म्हणजे रत्नागिरीच्या घरांतून माणसांची गैरसोय व आंब्यांची सोय सुरू होते. आमच्या घरीं अर्धें माजघर आढीला जातें, पडवींत पेट्यांची उतरंड लागते, आणि पेंढ्याच्या काड्या जेवणाच्या पानापर्यंत येऊन पोंचतात. बाग राखली ती आमच्या वडील बंधूंनीं. सारें घर त्यांना दादा म्हणतें. आम्हीं जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत घालविला, त्यामुळें ह्या दिवसांत आमचा उपयोग पेटीवरच्या चिठ्ठीवर बागेचें नांव, गांव व फळांची संख्या लिहिण्यापुरताच. अक्षर बरें आहे, एवढ्या एका गुणावर त्या कारभारांत आमची जागा अजून टिकून आहे.

गेल्या हंगामांत अवकाळी पावसानें मोहोर गळला आणि फळ थोडें आलें. आम्हीं मात्र हौसेनें चिठ्ठ्या आधींच लिहून, खळ लावून, पेट्यांवर चिकटवून ठेविल्या होत्या. अशा वेळीं एक ओळखीचे व्यापारी घरीं आले. कोकमाचें सरबत घेऊन झाल्यावर त्यांनीं हळूच विषय काढला. "दादा, फळ नसेल तर राहूं द्या. रिकाम्या पेट्या तेवढ्या द्या. किंमत तुम्ही म्हणाल ती." त्या पेट्यांत काय जाणार होतें तें विचारण्याची गरज नव्हती. कर्नाटकांतून येणारा आंबा दिसण्यांत हापुसाचा सख्खा भाऊ. आणि २०१८ सालीं मिळालेल्या भौगोलिक मानांकनाप्रमाणें हापूस हें नांव रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर ह्या पांच जिल्ह्यांतील फळापुरतेंच आहे. दादा म्हणाले, "पेट्या चुलींत घालीन. पाणी तापवायला उपयोगीं पडतील." पाहुण्यांनीं तो विषय पुन्हां काढला नाहीं. खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं, आपल्या अक्षराला एवढी किंमत येत आहे ह्याचें आम्हांला थोडें बरेंच वाटलें होतें.

त्याच आठवड्यांत दादांची धाकटी लेक पुण्याहून आली. ती तेथील एका संशोधन संस्थेंत पेशींचा अभ्यास करते. तेव्हां तिचें चौथें वर्ष चाललें होतें. एरवीं ती उंबऱ्यांतूनच आजीला हांक मारीत येते. ह्या वेळीं आली ती मुकाट्यानें पाय धुऊन, चार घांस खाऊन, आढीशेजारीं जाऊन बसली आणि आंबे खालींवर करीत राहिली. वहिनींनीं आम्हांला खुणेनें सांगितलें, "तुम्ही विचारा." मुली आईबापांस जें सांगत नाहींत तें काकास सांगतात, असा आमच्या घरीं समज आहे, काका रागावण्याइतका जवळचा नसतो आणि विसरण्याइतका म्हातारा असतो.

ओटीवरच्या झोपाळ्यावर ती येऊन बसली व म्हणाली, "काका, माझीं दोन वर्षें फुकट गेलीं."

तिचें दुःख समजण्यास आधीं तिचें काम समजलें पाहिजे. संस्कृतच्या मास्तरास तिनें तें जसें समजावून दिलें, तसेंच वाचकांपुढें ठेवतों.

आपल्या शरीरांतील पेशी म्हणजे पाण्यानें भरलेली नुसती पिशवी नव्हे. तिच्या आंत वांसे आहेत, दोर आहेत, आणि ते घटकेघटकेला मोडले व उभारले जातात. त्यांतील सर्वांत बारीक दोर अ‍ॅक्टिन नांवाच्या प्रथिनाचे. अ‍ॅक्टिनचे मणी एकापुढें एक लागून सर होतो, आणि असे दोन सर एकमेकांभोंवतीं पीळ घेतात. आमच्या किनाऱ्यावर काथ्याचा सुंभ वळतात तो ज्यानें पाहिला आहे, त्यास निराळें चित्र काढून दाखविण्याची गरज नाहीं. फक्त हा सुंभ सुमारें सात नॅनोमीटर जाडीचा. एक मिलिमीटर रुंदींत असे लाखाहून अधिक सुंभ शेजारीं शेजारीं मावतील. हें अ‍ॅक्टिन १९४२ च्या सुमारास, महायुद्ध पेटलेलें असतांना, हंगेरींतील सेगेद गांवीं आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेंत ब्रूनो श्ट्राउब यांनीं स्नायूंतून वेगळें केलें. पुढें कळलें कीं तें केवळ स्नायूंत नाहीं. आपल्या बहुतेक सर्व पेशींत आहे, आणि पेशीला आकार व चाल देणारें तेंच आहे.

आतां नुसते सुंभ असून भागत नाहीं. कोणी त्यांचें जाळें विणावें लागतें, कोणी तोडावे लागतात, कोणी मोळी बांधावी लागते. हीं कामें करणारीं प्रथिनें निराळीं. मोळी बांधणारांपैकीं एकाचें नांव फॅसिन. लॅटिन भाषेंत मोळीला जो शब्द आहे त्याच धातूचें. १९७० नंतरच्या दशकांत सी-अर्चिन नांवाच्या काटेरी समुद्रप्राण्याच्या अंड्यांत तें प्रथम हातीं लागलें. फॅसिन अ‍ॅक्टिनचे दोर समांतर धरून घट्ट बांधतें, आणि त्या मोळीच्या जोरावर पेशी आपल्या अंगांतून बोटासारखे फांटे बाहेर काढून पुढची वाट चांचपते. निरोगी त्वचेंत वा ग्रंथींच्या अस्तरांत फॅसिन अगदीं थोडें असतें. कर्करोगाच्या पुष्कळ प्रकारांत मात्र तें वाजवीपेक्षां फार वाढलेलें आढळतें. ज्या पेशींनीं आपली जागा सोडूं नये, त्यांना बोटें फुटतात व त्या भटकूं लागतात.

हा विषय तिनें कां घेतला तें घरांत कोणी कधीं बोलून दाखविलेलें नाहीं. सहा वर्षांपूर्वीं आमची पत्नी स्तनाच्या कर्करोगानें गेली. गांठ वेळेवर काढली होती. परंतु रोग आधींच वाट काढून हाडांत जाऊन बसला होता. शेवटचे तीन महिने ही मुलगी आपल्या काकूच्या उशाशीं होती. "गांठ तर काढली, मग हें आलें कोठून?" असें तिनें एकदां डॉक्टरांस विचारल्याचें आम्हांला आठवतें.

असो. इतक्या बारीक वस्तू पाहावयाच्या कशा? त्यासाठीं त्यांना रंगवावें लागतें, आणि रंग असा हवा कीं तो हव्या त्या प्रथिनासच चिकटेल, शेजाऱ्यास शिवणार नाहीं. अ‍ॅक्टिनसाठीं वापरतात तें द्रव्य ऐकून आमच्या मातोश्रींनीं कपाळाला हात लावला. युरोपांत ओक वृक्षाखालीं उगवणारी एक विषारी अळंबी आहे, खाणाऱ्याचें यकृत निकामी करणारी. तिच्यांतील फॅलॉयडिन हें विष १९३७ सालीं जर्मनींत लिनेन व वीलांड यांनीं शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. हें विष अ‍ॅक्टिनच्या दोराला मिठी मारतें व सोडीत नाहीं. त्याला चमकणारा रंग जोडला कीं सूक्ष्मदर्शकाखालीं पेशींतील सारे सुंभ उजळून निघतात. १९७९ पासून ही युक्ति प्रचारांत आहे. मातोश्री पावसाळ्यांत अळंबी निवडतांना आम्हां कोणाचा हात लागूं देत नाहींत. त्या म्हणाल्या, "विष ओळखून वापरतां येतें, न ओळखलेलें अन्नच वाईट."

फॅसिनला असें तयार विष मिळालें नाहीं. त्याच्यासाठीं प्रतिपिंड लागतें. प्रतिपिंड म्हणजे काय, हें मात्र आमच्या घराला शिकवावें लागत नाहीं. दादा बारा वर्षांचे असतांना बागेच्या गडग्यांत त्यांना फुरसें चावलें होतें. रत्नागिरीच्या कातळांवर फुरशांचा इतका सुळसुळाट असे कीं मारलेल्या फुरशामागें सरकार बक्षीस देई. हिरड्यांतून रक्त येऊं लागलेल्या दादांना बैलगाडींतून इस्पितळांत नेलें, आणि ते वांचले ते घोड्याच्या रक्तजलानें. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा टोंचीत गेलें म्हणजे त्याच्या रक्तांत त्या विषाला नेमकें पकडणारीं द्रव्यें तयार होतात, तींच प्रतिपिंडें. प्लेगच्या लशीसाठीं उभी राहून १८९९ सालीं परळच्या जुन्या राजभवनांत गेलेली, आणि १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाणारी प्रयोगशाळा ह्याच विद्येसाठीं आपल्याकडे घरोघर ठाऊक झाली.

विषाऐवजीं ससा किंवा उंदीर यांस फॅसिन टोंचलें, तर त्यांच्या रक्तांत फॅसिनला पकडणारें प्रतिपिंड होतें. तें पेशींवर घालावयाचें. मग त्या प्रतिपिंडाला पकडणारें, चमकणारा रंग लावलेलें दुसरें प्रतिपिंड घालावयाचें. जेथें प्रकाश दिसेल तेथें फॅसिन. १९७४ सालीं लाझारिडेस व वेबर यांनीं अ‍ॅक्टिनविरुद्ध प्रतिपिंड करून स्नायूंखेरीज इतर पेशींतील दोर ह्याच रीतीनें दाखविले. तेव्हांपासून पेशींचे अभ्यासक ह्या कुप्यांवर जगतात. कुपी अंगठ्याच्या पेराएवढी. आंत शंभर मायक्रोलिटर द्रव, म्हणजे दोन थेंब. ती परदेशांतून बर्फांत येते, उणें वीस अंशांवर राहते, आणि किंमत म्हणाल तर तीस-चाळीस हजार रुपये. बाहेर एक चिठ्ठी असते. तिच्यावर लिहिलेलें असतें, "फॅसिनविरुद्ध प्रतिपिंड."

त्या चिठ्ठीवर आमच्या पुतणीनें दोन वर्षें विश्वास ठेविला. तिचीं चित्रें सुंदर निघत. फॅसिन पेशीच्या बोटांत दिसावें, तें दिसेच. शिवाय केंद्रकाभोंवतीं एक हिरवें कडें दिसे. तें कडें नवें होतें. तिच्या गुरूंस तें फार आवडलें, आणि त्यावर लेखाचा मसुदाहि तयार झाला. मग कुपी संपली. दुसरी मागविली, तेंच नांव, तोच क्रमांक, फक्त घाण निराळा. चित्रांतून कडें नाहींसें झालें! तीन महिने ती स्वतःच्या हाताला दोष देत राहिली. शेवटीं तिनें जें पहिल्याच दिवशीं करावयास हवें होतें तें केलें. जनुकें नेमकेपणानें कापण्याची जी रीत शार्पांतिए व डाउडना यांनीं २०१२ सालीं दाखविली, आणि जिच्यासाठीं त्यांस २०२० चें नोबेल पारितोषिक मिळालें, तिच्या योगें फॅसिनचें जनुकच काढून टाकलेल्या पेशी तिनें मिळविल्या. ह्या पेशींत फॅसिन असणें शक्यच नाहीं. पहिल्या कुपीच्या तळाशीं राहिलेला अंश तिनें त्यांवर घातला. हिरवें कडें लखलखत होतें.

"म्हणजे," आम्ही म्हणालों, "तें फॅसिन नव्हतेंच?"

"दुसरेंच कांहीं तरी होतें. काय, तें मला अजून ठाऊक नाहीं."

हें तिच्याखेरीज एका सहाध्यायास तेवढें कळलेलें होतें. त्याचें म्हणणें असें कीं नवी कुपी चांगली आहे, मुख्य सिद्धांत बहुधा खराच आहे. तेव्हां येथून पुढें नवी वापरावी आणि मागचें बोलूं नये. शिष्यवृत्तीचें वर्ष एकच उरलें होतें. लेख गेला नाहीं तर पदवी लांबते, पदवी लांबली तर परदेशची जागा जाते, आणि घरीं लग्नाची गोष्ट निघते ती वेगळीच.

आम्हीं विचार केला आणि अनुभवी माणसाच्या आवाजांत चुकीचा सल्ला दिला. "झालें तें झालें. तूं मुद्दाम केलें नाहींस. पुढचें नीट कर. मागचें उकरूं नकोस."

तिनें पायानें झोपाळा थांबविला. "काका, काकूच्या गांठीचा रिपोर्ट आठवतो तुम्हांला? गांठीच्या तुकड्यावर तीन तपासण्या केल्या होत्या, आणि त्यांवरून औषध ठरलें होतें."

आठवत होता. तो कागद अजून आमच्या पेटाऱ्यांत आहे.

"त्या तपासण्या ह्याच रीतीच्या, काका. ह्याच जातीच्या कुप्या. संप्रेरकांना पकडणारीं दोन प्रथिनें आणि हर-टू नांवाचें तिसरें, तीं गांठींत आहेत कीं नाहींत तें प्रतिपिंडाच्या रंगावरून पाहतात. रुग्णालयांत त्या कुप्या पारखून घेतात, शेजारीं खात्रीचा तुकडा ठेवतात, आणि मगच वाचतात. संशोधनांत ती पारख ज्याची त्यानें करायची असते. मीं केली नाहीं. चिठ्ठी वाचली नि पुढें गेले."

आम्हांला कांहीं बोलवेना. एखाद्या कुपीवर एक नांव असतें आणि आंत दुसराच माल असता, तर त्या वर्षीं आमच्या घरीं कोणतें औषध आलें असतें, हा विचार मनांत आला तो रात्रभर गेला नाहीं. आणि त्याहून अधिक बोंचलें तें हें कीं, आपण दिलेला सल्ला आणि रिकाम्या पेट्या मागणाऱ्या गृहस्थाचें बोलणें ह्यांत फरक फक्त वयाचा होता.

दादा पडवींत पेट्यांवर खिळे ठोकीत होते. त्यांना सारें ऐकूं गेलें असावें. ते ओटीवर आले, हात झटकले आणि लेकीला विचारलें, "सरांना केव्हां सांगणार?"

"सोमवारीं."

"मग दोन डझनांची पेटी घेऊन जा त्यांच्यासाठीं. थोडा आहे, पण आंबा चांगला आहे."

एवढेंच बोलून ते पुन्हां पडवींत गेले. दुसऱ्या दिवशीं आम्हीं रिकाम्या पेट्यांवरच्या आमच्या चिठ्ठ्या पाण्यानें भिजवून एक एक काढून टाकल्या. त्या चुलींत जाणार होत्याच, तरी काढल्या.

ह्या फसगतींत ती एकटी नाहीं, हें तिनें जाण्यापूर्वीं आम्हांला सांगितलें तें समाधानासाठीं नव्हे, पण सांगण्यासारखें आहे. बाल्टिमोर येथें जॉर्ज गाय यांनीं १९५१ सालीं हेन्रिएटा लॅक्स नांवाच्या रुग्ण स्त्रीच्या गांठींतून, तिला न विचारतां, ज्या पेशी वाढविल्या, त्या हेला पेशी जगभर पसरल्या. त्याच गाय यांच्या प्रयोगशाळेंत आपल्या पुण्याच्या कमल रणदिवे, पूर्वीच्या समर्थ, शिकून आल्या. मुंबईस डॉ. वसंतराव खानोलकरांच्या हाताखालीं १९४९ सालीं डॉक्टर झालेल्या ह्या बाईंनीं परत येऊन भारतांतील पहिली पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रांत उभी केली. मनुष्याच्या पेशींतील फॅसिन १९८५ सालीं शुद्ध केलें गेलें तेंहि हेला पेशींतूनच. परंतु ह्या पेशी इतक्या जोमदार कीं त्या दुसऱ्यांच्या बशींत शिरून तेथील मूळ पेशींना मारून स्वतःच नांदूं लागत. स्टॅन्ले गार्टलर यांनीं १९६६ सालीं दाखवून दिलें कीं निरनिराळ्या अवयवांच्या म्हणून जपलेल्या कित्येक पेशी वस्तुतः हेलाच आहेत. लोक यकृताचें नांव वाचून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास करीत बसले होते. सभेंत ती बातमी कोणास गोड लागली नसणार. पण सांगितली म्हणून पुढच्यांचीं वर्षें वांचलीं.

प्रतिपिंडांची गत तशीच. प्राण्याच्या रक्तांतून निघालेलें प्रतिपिंड त्या प्राण्याबरोबर संपतें, आणि दुसऱ्या प्राण्याचें त्याच्यासारखें असेलच असें नाहीं. क्योलर व मिलस्टाइन यांनीं १९७५ सालीं एकाच वाणाचें प्रतिपिंड अखंड देणाऱ्या पेशी घडविल्या, त्यानें पुष्कळ सुधारणा झाली. तरी खोटीं नांवें नाहींशीं झालीं नाहींत. २०१५ सालीं शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनीं "नेचर" पत्रांत एकत्र येऊन मागणी केली कीं प्रतिपिंडाची ओळख त्याच्या जनुकाच्या अक्षरांवरून ठरावी, म्हणजे कोणासहि तेंच पुन्हां करतां येईल. आणि खरी पारख, जनुक काढलेल्या पेशीवर घालून पाहण्याची. तेथें अंधार पडला तर नांव खरें.

सोमवारीं रात्रीं फोन आला. गुरु बराच वेळ गप्प बसले, मग त्यांनीं मसुदा मागें घेतला आणि सारीं चित्रें नव्यानें काढण्यास सांगितलें. रागावले नाहींत. आपणहि कुपी पारखून घ्यावयास सांगितलें नव्हतें, असें म्हणाले. नवीं चित्रें पुरीं होण्यास आठ महिने गेले. हिरवें कडें गेलें तें गेलेंच. त्यावर रचलेला अर्धा लेख त्याबरोबर गेला. बोटांतील फॅसिनचा भाग तेवढा टिकला. परदेशची जागा दुसऱ्या कोणास मिळाली. तिची आई अजून मधून मधून त्याविषयीं हळहळते, आणि तिच्या हळहळण्यांत कांहीं खोटें नाहीं.

यंदा पाडव्याला तिनें एक चित्र पाठविलें. दोन चौकोन शेजारीं शेजारीं. डावीकडे काळ्यावर हिरवीं बोटें पसरलेली पेशी. उजवीकडे नुसता काळोख. दादांनीं चष्मा वर-खालीं करून पाहिलें. "उजवीकडे कांहींच दिसत नाहीं रे."

"तेंच दिसायला हवें होतें," आम्हीं सांगितलें. दादांनीं आणखी एकदां पाहिलें आणि मान डोलावली.

आढी पुन्हां माजघरांत आली आहे. ह्या हंगामांत आम्ही चिठ्ठ्या आधीं लिहून ठेवीत नाहीं. पेटी भरली, दादांनीं वरचें फळ हुंगून पाहिलें, म्हणजे मग लेखणी हातांत घेतों. काम थोडें सावकाश होतें. परंतु ह्या वयांत आम्हांला तरी कोठें जाण्याची घाई आहे?